अर्थ नसेल, तर सारेच व्यर्थ

‘बंद दारिगे सुंकविल्ल’ अशी एक म्हण आपल्या सीमाभागातल्या कन्नड घरांत वरचेवर ऐकू येते. आल्या वाटेने परत जायला जकात नाही, एवढाच तिचा अर्थ. काम न होता कोणी हात हलवत परत आला की घरातली वडीलधारी माणसे ती हमखास सुनावतात. मराठी कानांना मात्र पहिले दोन शब्द ‘बंद दारी’ असे ऐकू येतात आणि बंद दारापुढे ताटकळलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. गंमत अशी, की मोटारीतल्या विजेला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. परतीच्या वाटेवर जकात नसली तर गाडी एका चावीत सुरू होते. ती वाट गंजून बंद पडली, की वीज बंद दारी उभी राहते आणि आपण गॅरेजच्या दारी.

या परतीच्या वाटेला आपले मेकॅनिक लोक ‘अर्थ’ म्हणतात. कोणी अर्थिंग म्हणते, कोणी बॉडी अर्थ. सदराच्या पानावर आज हा विषय घेण्याचे कारण म्हणजे गाडी आता घरोघरी आहे. मुले नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला, सुरतेला गेली आहेत आणि दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हातारी माणसे व लहान मुले गाडीत घालून रात्रीचा प्रवास करत गावी येतात. अशा वेळी घाटात गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. आणि तांत्रिक शाळेत तीस वर्षे मोटारीची वायरिंग शिकवल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो, की अशा कितीतरी गाड्यांचे दुखणे भलत्याच ठिकाणी शोधले जाते. प्लग बदलतात, कॉइल बदलतात, बॅटरी बदलतात. परतीच्या वाटेकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जाते, आणि पुष्कळदा जातच नाही.

आधी हा अर्थ म्हणजे काय ते पाहू. घरातल्या विजेचा अर्थ आपल्याला माहीत असतो. अंगणात खड्डा खणायचा, तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा आणि अधूनमधून पाणी घालायचे. हा अर्थ खरोखरच जमिनीला जोडलेला असतो आणि एरवी त्यातून वीज जात नाही. काही बिघाड झाला, मिक्सरच्या अंगात वीज उतरली, तरच तो कामाला येतो. मोटारीचे तसे नाही. मोटार रबरी टायरांवर उभी असते, जमिनीशी तिचा विजेपुरता काही संबंध नाही. मोटारीतला अर्थ म्हणजे गाडीचे स्वतःचे लोखंडी अंग. बॅटरीच्या ऋण टोकाची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. बॅटरीच्या धन टोकातून निघालेली वीज दिव्याकडे, हॉर्नकडे, स्टार्टरकडे आपापल्या वायरने जाते. परत येताना सगळ्यांना मिळून ही एकच वाट. म्हणजे घरचा अर्थ हा संकटातला सोबती, तर गाडीचा अर्थ हा रोजचा रस्ता. तो प्रत्येक सेकंदाला वापरात असतो.

ही रचना का आली, तर तांब्याची बचत. प्रत्येक दिव्याला दोन वायरी देण्याऐवजी एकच द्यायची आणि परतीसाठी लोखंडी सांगाडा वापरायचा. १९६० च्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत उलटा प्रकारही होता. तिथे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडत. आज सगळीकडे ऋण टोकच बॉडीला असते.

आता ठिणगीकडे येऊ. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. कन्नडात तिला किडि म्हणतात. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी इग्निशनची जी पद्धत बसवली, तिचे मूळ तत्त्व अजून तेच आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्याला द्यायचे, आणि तो प्रवाह झटकन तोडायचा. तोडल्याबरोबर बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीस-तीस हजार व्होल्ट तयार होतात. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये हे तोडण्याचे काम पॉइंट करत. आता ते इलेक्ट्रॉनिक मोड्यूल किंवा गाडीचा कॉम्प्युटर करतो.

प्लग नीट निरखून पाहा. त्याला वायर येते ती एकच. वीज मधल्या दांडीतून येते, फटीतून उडी मारते आणि बाजूच्या वाकड्या टोकावर पडते. तिथून पुढे? तिथून प्लगच्या आट्यांमधून इंजिनच्या हेडमध्ये, हेडमधून ब्लॉकमध्ये आणि अर्थच्या वाटेने परत कॉइलकडे. म्हणजे प्लगची दुसरी वायर हे अख्खे इंजिनच आहे. पण इंजिन बसलेले असते रबराच्या माउंटिंगवर, हादरे बॉडीला लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये, किंवा इंजिन आणि बॅटरीमध्ये, तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी अथवा जाड वायर घातलेली असते. सगळ्या इंजिनाचा संसार त्या वीतभर पट्टीवर चालतो. आणि ती बसवलेली असते कुठे, तर बहुधा खाली गिअरबॉक्सजवळ, जिथे चिखल उडतो, पाणी उडते आणि कोणाची नजर जात नाही.

हे सगळे मला पुन्हा एकदा ताजे झाले ते हजीऱ्याला. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर, तापी नदी समुद्राला मिळते तिथे हे ठिकाण आहे. आपल्या खानदेशातून वाहत गेलेली तापी तिथे संपते. जवळच सुवाळीचा किनारा आहे, जिथे १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली होती. आजचा हजीरा हा कारखान्यांचा. मुंबई हायच्या बाजूचा नैसर्गिक वायू इथेच किनाऱ्याला लागतो आणि इथूनच तो विजयपूर-जगदीशपूरच्या लांबलचक नळाने उत्तरेकडे जातो. ओएनजीसीचा प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, मोठा पोलाद कारखाना, एलएनजीचे टर्मिनल, बंदर असे सगळे एका पट्ट्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजीरा आणि घोघा यांच्यामध्ये गाड्यांसकट माणसे नेणारी रो-पॅक्स बोट सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून ९० वर आले. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशी मराठी पुष्कळ. हजीऱ्याच्या कारखान्यांत मात्र आपल्या बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची मुलेही भेटतात.

माझा भाचा त्यांतलाच एक. त्याची बायको धारवाडची. भाचा मला मामा म्हणतो, भाचेसून मावा म्हणते. दोन्ही भाषांत नाते तेच. एका पावसाळ्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांची गाडी दुखण्याला लागली होती. अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, मागाहून सीएनजीचे किट बसवलेले. राहायला खाडीकडच्या वसाहतीत, गाडी उघड्यावर. सकाळी स्टार्टर रडत रडत फिरे. पेट्रोलवर गाडी बरी चाले. गॅसवर घातली, की पुलाच्या चढावर झटके देई. रात्री हेडलाइट, पंखा आणि वायपर एकदम लावले, तर झटके वाढत. तीन महिन्यांत दोन गॅरेजे झाली होती. प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, कॉइल नवी. शेवटी एकाने सांगितले, की कॉम्प्युटर गेला, तो बदला. त्याचा आकडा ऐकून भाचेसून मला म्हणाली,

“मावा, दिवाळीला आई-अप्पांना घेऊन धारवाडला जायचं ठरवलंय. ही गाडी घेऊन निघावं का नको, तेवढं तुम्ही सांगा.”

भाचा म्हणाला, “मामा, बॅटरी पण बघून घेतली. एकदम चांगली आहे. मग कमी काय पडतंय?”

प्रश्न बरोबर होता. बॅटरी चांगली, कॉइल चांगली, प्लग चांगले. सगळे पाहुणे ठीक, मग लग्न अडले कुठे? जाण्याची वाट तिघांनी तपासली होती, येण्याची कोणीच नाही. भाच्याकडे जंपर केबल होती. तिचे एक टोक मी बॅटरीच्या ऋण टोकाला लावले आणि दुसरे इंजिन उचलण्यासाठी असलेल्या लोखंडी कडीला. म्हणजे गंजलेल्या रस्त्याला शेजारून एक तात्पुरता रस्ता काढून दिला. भाच्याने चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. गॅसवर घातली, दिवे लावले, पंखा लावला, झटका नाही. कॉम्प्युटर कुठेही गेलेला नव्हता.

मग केबल काढून मल्टिमीटर लावला. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये जवळजवळ दोन व्होल्ट दिसत होते. तिथे खरे तर पाव व्होल्टपेक्षा जास्त असू नये. खाली वाकून पट्टी सोडवली. वरून काळे आवरण शाबूत होते, फक्त थोडे फुगलेले. ब्लेडने चिरले तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. बॉडीच्या बोल्टाखाली तपकिरी गंज. “तुक्कु हिडिदैते,” भाचेसून म्हणाली, आणि निदान पुरे झाले.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. समुद्रावरच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. तांबे, शिसे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम असे वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यामध्ये खारट ओल शिरली, की तिथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यांतला एक धातू झिजत जातो. बोल्टाच्या फटीतून शिरलेले पाणी तारांच्या बारीक पोकळ्यांतून वायरच्या आत वर चढते, म्हणून आवरण चांगले दिसते आणि आतला जीव गेलेला असतो. पाहा ना, घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मुद्दाम मीठ घालतो, तेच मीठ गाडीच्या अर्थाचा घात करते.

आता थोडा हिशोब. स्टार्टर फिरताना साधारण दीडशे अँपिअर प्रवाह जातो. परतीच्या वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका जरी अडथळा आला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. पन्नासाव्या भागाइतका आला, तर तीन व्होल्ट. बॅटरी आधीच त्या क्षणी साडेदहाच्या आसपास उतरलेली असते. त्यातून तीन गेले, की उरले साडेसात. एवढ्यात स्टार्टर रडणार नाही तर काय करील? आणि कॉइलचे मोड्यूल किंवा कॉम्प्युटर यांचा अर्थ इंजिनवरच घेतलेला असला, तर त्यांच्याही ताटात तेवढेच कमी पडते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह पाऊणपट झाला, की ऊर्जा पाऊणपट राहत नाही, निम्म्याहून जेमतेम जास्त उरते. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर कॉइलला जास्त वेळ वीज देऊन ही तूट काही प्रमाणात भरून काढतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

गॅसवरच झटके का, पेट्रोलवर का नाहीत, याचे उत्तरही यातच आहे. सीएनजी आणि हवा यांच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. धडधाकट माणसाला जिना चढताना काही वाटत नाही, अशक्ताला पहिल्या मजल्यावरच धाप लागते, तसे हे आहे. ठिणगी अशक्त झाली, की ते आधी गॅसवर कळते. म्हणून सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनी अर्थाची काळजी इतरांपेक्षा जास्त घ्यावी. गॅस बसवणारा किट बसवून जातो. जुनी अर्थची पट्टी बहुधा होती तशीच राहते.

हा प्रश्न निव्वळ झटक्यांचा आणि खर्चाचा असता, तरी एक वेळ चालले असते. पण मुख्य पट्टी पूर्ण तुटली, तरी वीज गप्प बसत नाही. ती दुसरी वाट शोधते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारे दुसरे धातू कोणते, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. दीडशे अँपिअर त्या बारीक तारांतून जाऊ लागले, की केबल तापते, आतले प्लास्टिक वितळते, आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकून बसतो. चावी फिरवल्यावर एखादी केबल हाताला गरम लागली, किंवा बॉनेटखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी. इंधन आणि तापलेली तार यांची एकाच खोलीत सोयरीक बरी नव्हे.

वाचकहो, मग घरच्या घरी काय ओळखता येते? सकाळी गाडी सुरू करताना आतले दिवे अगदी मंद होतात का, ते पाहा. इंडिकेटर लावून ब्रेक दाबला, की भलताच दिवा मिणमिणतो का? दिवे लावल्याबरोबर तापमानाचा काटा हलतो का? इंजिनच्या वेगाबरोबर रेडिओत शिट्टी वाढते का? बॅटरी नवी घातली, तरी दुखणे तेच आहे का? यांतली दोन-तीन लक्षणे एकदम दिसली, तर संशय अर्थावर घ्यावा.

खरी परीक्षा मल्टिमीटरची, आणि ती गॅरेजवाल्यासमोर उभे राहून करून घेता येते. मीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवायचा. काळी वायर बॅटरीच्या शिशाच्या ऋण खुंटीवर टेकवायची. वर बसवलेल्या पकडीवर नव्हे, खुंटीवर; कारण गंज पुष्कळदा या दोघांच्या मधेच असतो. लाल वायर इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू होणार नाही असे करायचे. गॅसची गाडी असेल, तर गॅस बंद करून ती पेट्रोलवर ठेवायची. मग काही सेकंद स्टार्टर फिरवायचा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असला, तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेला, तर दोष नक्की. मग इंजिन चालू करून, दिवे आणि पंखा लावून बॅटरीची ऋण खुंटी आणि बॉडी यांच्यामध्ये पाहायचे. तिथे ०.१ च्या आत असावे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही मेकॅनिक मीटर ओहमवर ठेवून वायर तपासतात, तो शून्य दाखवतो आणि ते म्हणतात, अर्थ ठीक आहे. पट्टीतल्या शंभर तारांपैकी एक जरी शाबूत असली, तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवणार, कारण मीटर स्वतः अगदी चिमूटभर वीज सोडून पाहतो. एका सायकलीला पाऊलवाट पुरते. उसाची ट्रॉली आली, की कळते रस्ता आहे की नाही. म्हणून परीक्षा ओझे घालूनच घ्यायची, म्हणजे स्टार्टर फिरत असतानाच. मल्टिमीटर नसेल, तर जंपर केबलची युक्ती वर सांगितलीच आहे. केबल लावून दुखणे पळाले, तर दोष परतीच्या वाटेत. आणखी एक. ठिणगी पडते का हे पाहण्यासाठी प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरण्याची जुनी सवय पुष्कळांना आहे. ती सोडावी. हजारो व्होल्टचा झटका बसतो, नव्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळते, आणि गॅसच्या गाडीत तर तो आगीशी खेळ आहे.

दुरुस्ती अगदी साधी. बॅटरी सोडताना ऋण वायर आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. उलट केले आणि पाना बॉडीला लागला, तर मोठा भडका उडतो. गॅसचा वास येत असेल, तर त्या दिवशी काम करायचेच नाही. बॅटरीच्या खुंटीवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. अर्थचा बोल्ट सोडून त्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासावा, धातू चकचकीत दिसेपर्यंत. पट्टी हिरवी पडली असेल, तर तिला टाका मारत बसू नये. नवी घालावी, आधीच्या इतकी किंवा तिच्याहून जाड, दोन्ही टोकांना कथिल चढवलेले लग नीट दाबून बसवलेली. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळावे. आणि सगळे आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. आधी नाही, नंतर; ग्रीसचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे. भाच्याच्या गाडीला मी एवढेच केले. पट्टीला गेले काही शे रुपये आणि आमची एक सकाळ. त्याआधी जी कॉइल बदलली गेली, ती मात्र फुकट गेली.

बाजारात रंगीबेरंगी वायरींचे ‘अर्थिंग किट’ विकायला असते. ते बसवले, की अ‍ॅव्हरेज वाढते, ताकद वाढते असे सांगतात. मूळचा अर्थ चांगला असेल, तर जास्तीच्या वायरीने काही मिळत नाही. चांगल्या रस्त्याशेजारी दुसरा रस्ता बांधून गाव काही जवळ येत नाही. मूळचा खराब असेल, तर तोच बदलावा. नव्या पुष्कळ गाड्यांत ऋण टोकावर बॅटरीची हालहवाल मोजणारा सेन्सर असतो. तिथे जास्तीचे काही थेट खुंटीवर जोडले, तर त्याचा हिशोब चुकतो. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नये. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी जाड वायरी तर पूर्णपणे वेगळ्या. त्यांची वीज बॉडीपासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. ते काम शिकलेल्या माणसाचेच.

आपल्याकडे हजीऱ्यासारखा खारा वारा नाही, असे कोणी म्हणेल. बेळगाव-निपाणीला नाही, खरे. पण कारवारला आहे, वेंगुर्ल्याला आहे, पणजीला आहे, आणि आपल्या गाड्या चोर्ला घाट किंवा आंबोली उतरून सुट्टी आली की तिकडेच धावतात. वाळूवर गाडी नेली असेल, तर घरी आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. आणि खाऱ्या वाऱ्याहून मोठा धोका पुराचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांनी तेच पाहिले. कृष्णा, पंचगंगा, मलप्रभा, घटप्रभा सगळ्या एकदम चढल्या आणि पुणे-बेंगळुरू हमरस्ता कोल्हापूरजवळ बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटचे कव्हर नवे, सुगंध मारलेला, किंमत मोहात पाडणारी. जुनी गाडी घेताना पायाखालचे कार्पेट उचलून पाहावे. दाराच्या खांबाजवळ, सीटच्या खाली बॉडीला आवळलेले अर्थचे बोल्ट असतात. गाडी चकचकीत आणि बोल्ट तपकिरी असले, तर ती गाडी पाणी प्यालेली आहे असे समजायला हरकत नाही. गोड बोलणारा दलाल खोटे बोलेल, बोल्ट बोलत नाही.

हजीऱ्याहून धारवाड म्हणजे आठशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. इतक्या लांब निघताना आपण टायरची हवा बघतो, तेल बघतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो. त्याबरोबर एकदा बॉनेट उघडून बॅटरीची काळी वायर कुठे जाते ती बोटाने शेवटपर्यंत शोधावी. हिरवी झाली आहे का, फुगली आहे का, बोल्ट हलतो आहे का, एवढे पाहायला दहा मिनिटे लागत नाहीत आणि त्यासाठी मेकॅनिक असावे लागत नाही. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा हे केले तरी पुरे. घरातल्या कोणीही करावे. बाईने करायचे की पुरुषाने, हा प्रश्न बोल्टाला पडत नाही.

विजेचा स्वभाव साधा आहे. परत येण्याची वाट मोकळी असेल, तेवढीच ती पुढे जाते. आपल्या म्हणीप्रमाणे त्या वाटेवर जकात बसू द्यायची नाही, एवढे आपल्या हातात आहे.

पुढच्या खेपेस घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याविषयी लिहीन. तोपर्यंत उन्हाळा लागेल. त्या खड्ड्यात चार बादल्या पाणी मात्र आजच ओता.